मुशी : सागरातील एका प्राचीन कुळाची ओळख

(पाचोड, तालुका पैठण येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



पाचोडपासून अरबी समुद्र सरळ रेषेतही सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. येथील पुष्कळशा विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांस परिचित असलेले मासे म्हणजे नाथसागरातील रोहू, कटला व मरळ आणि आठवडी बाजारात गोणपाटावर ढीग घालून विकली जाणारी सुकट व बोंबील. अशा गावी मुशीसारख्या सागरी माशाचा विषय घेण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा, हे स्वाभाविक आहे.

प्रयोजने तीन आहेत. पहिले असे की, 'मासे अंडी घालतात' हे वाक्य प्रत्येक वर्गात उच्चारले जाते; परंतु मुशी अंडी घालीत नाही, पिल्लांस जन्म देते. नियम आणि त्याचा अपवाद यांची विद्यार्थ्यांस योग्य वयात ओळख करून देण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. दुसरे असे की, चित्रपटांनी व दूरचित्रवाणीने 'शार्क' हा शब्द खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचविला आहे. पण त्यांच्यापर्यंत भय पोहोचले, ज्ञान पोहोचले नाही. तिसरे असे की, या माशांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा मराठवाड्याच्या काळ्या पाषाणाशी समकालीन आहे. म्हणून हा विषय दिसतो तितका परका नाही.

कुळाचा परिचय

शार्क माशास महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मुशी म्हणतात. कोकणात व गोव्यात मोरी हे नाव रूढ आहे. जगात शार्कांच्या ५०० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी ज्या कुळाचा येथे विचार करावयाचा आहे त्याचे शास्त्रीय नाव कार्कॅरिनिडी असे असून, इंग्रजी भाषेत त्यास रिक्विएम शार्क म्हणतात. रिक्विएम म्हणजे ख्रिस्ती धर्मातील मृतात्म्यासाठी म्हटली जाणारी प्रार्थना. नावातच भय भरलेले आहे. प्रत्यक्षात या कुळातील सुमारे ६० जातींपैकी बहुतेक जाती मनुष्याच्या वाटेस जात नाहीत.

या कुळातील माशांची लक्षणे अशी. शरीर दोन्ही टोकांकडे निमुळते असते. डोक्याच्या प्रत्येक बाजूस कल्ल्यांच्या पाच उघड्या फटी असतात. रोहूच्या कल्ल्यावर असते तसे झाकण येथे नसते. पाठीवर दोन पर असतात. शेपटीचा वरचा फाटा खालच्या फाट्यापेक्षा लांब असतो. डोळा गोल असून त्यावर एक आतील पापणी सरकते. भक्ष्यास तोंड घालताना ती डोळ्याचे रक्षण करते. विद्यार्थ्यांस ही पापणी समुद्रात जाऊन पाहण्याचे कारण नाही. अंगणातील कोंबडीच्या डोळ्याकडे शांतपणे पाहिल्यास तशाच प्रकारचा पातळ पडदा डोळ्यावरून आडवा सरकून गेलेला दिसतो.

मुशीच्या अंगात हाड नाही. तिचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे मनुष्याच्या कानाच्या पाळीवरचा भाग ज्या लवचिक द्रव्याचा असतो त्याच द्रव्याचा असतो. कूर्चा हाडाहून हलकी असते. रोहूच्या पोटात हवेची पिशवी असते व तिच्या योगाने तो पाण्यात तरंगता राहतो. मुशीस अशी पिशवी नाही. तिचे काम बऱ्याच अंशी यकृत करते. हे यकृत मोठे व तेलाने भरलेले असते. आणि तेल पाण्याहून हलके असल्यामुळे शरीरास आधार मिळतो. पेल्यातील पाण्यावर गोडेतेलाचे चार थेंब सोडले की हे तत्त्व दुसरीच्या मुलासही कळते.

तिच्या त्वचेवर साध्या माशांसारखे खवले नसतात. अतिसूक्ष्म दातांसारखे कण असतात. त्यांची रचनाही दातासारखीच असते : आत पोकळी, मध्ये दंतद्रव्य आणि वर कठीण आवरण. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरविला तर त्वचा गुळगुळीत लागते. उलट फिरविला तर खरखरीत लागते. सुताराचा पॉलिश पेपर बाजारात येण्यापूर्वी लाकूड घासून गुळगुळीत करण्यास वाळविलेली शार्कची त्वचा वापरीत असत. तोंडातील दात आयुष्यभर पडतात व त्यांच्या जागी मागील रांगेतील नवे दात पुढे सरकतात. एका शार्कचे आयुष्यात हजारो दात पडतात. सागराच्या तळावर व जुन्या खडकांत ते विपुल सापडतात, त्याचे कारण हेच.

ज्ञानेंद्रियांच्या बाबतीतही हे कुळ संपन्न आहे. वासाची जाण तीव्र असते. डोळ्याच्या मागील बाजूस चकाकणारा थर असल्यामुळे अंधुक प्रकाशातही दिसते. रात्री कंदिलाच्या उजेडात गाईचे किंवा मांजरीचे डोळे चमकतात ते तशाच थरामुळे. याखेरीज मुस्कटावर बारीक छिद्रे असून त्यांच्या तळाशी विद्युत्-संवेदना ग्रहण करणारी इंद्रिये असतात. प्रत्येक सजीवाच्या स्नायूंच्या हालचालीतून पाण्यात अत्यल्प विद्युत्-क्षेत्र निर्माण होते. वाळूत दडून बसलेला मासा डोळ्यास दिसत नसला तरी या इंद्रियांस जाणवतो. स्तेफानो लोरेन्झिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये या छिद्रांचे वर्णन केले. त्यांचे कार्य मात्र विसाव्या शतकात उलगडले.

मुंबईच्या बाजारातील लहान मुशी

शार्क म्हणताच वीस हातांचा अजस्र मासा डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अत्यंत परिचित असलेली मुशी तशी नाही. तिचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. तिचे मुस्कट फावड्याच्या पात्यासारखे चपटे असते. पूर्ण वाढलेली मुशीही बहुधा ६० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे वर्गातील दोन फूटपट्ट्या जोडल्या तर तेवढीच भरते. ती उथळ पाण्यात थव्याने राहते आणि लहान मासे, कोळंबी व माकूळ खाते. मनुष्यास तिच्यापासून काही उपद्रव नाही. उलट मनुष्यच तिला खातो. मुंबईतील कोळी भगिनींच्या टोपल्यांत ती वर्षाचे पुष्कळ महिने असते आणि तिच्या विक्रीवर कित्येक घरांच्या चुली पेटतात.

योहानेस म्यूलर व याकोब हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे भारतीय विश्वविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस विच्छेदनासाठी हाच मासा दिला जात असे. थिलैयंपलम यांनी तिच्या शरीररचनेवर लिहिलेला ग्रंथ १९२८ मध्ये भारतीय प्राणिशास्त्रीय ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, आणि अनेक पिढ्यांनी मुशीच्याच शरीरावरून पृष्ठवंशीय प्राण्यांची रचना समजून घेतली. महाविद्यालयांतील अशी विच्छेदने आता बंद झाली आहेत. परंतु स्कोलिओडॉन हे नाव ज्यांनी विज्ञान शाखेत शिक्षण घेतले आहे अशा शिक्षकांच्या स्मरणात असेल.

या लहानशा मुशीचे खरे नवल तिच्या गर्भधारणेत आहे. कोंबडीच्या अंड्यात पिल्लाची शिदोरी पिवळ्या बलकाच्या रूपाने भरलेली असते. अंडे घालणाऱ्या प्राण्यांत सामान्यतः असेच असते. या मुशीचे अंडे मात्र सुमारे एक मिलिमीटरचे, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते आणि त्यात शिदोरी जवळजवळ नसते. गर्भ अगदी इवला असतानाच मातेच्या गर्भाशयाशी जोडला जातो, वार तयार होते, आणि नाळेच्या वाटे मातेकडून त्याचे पोषण होते. पाच-सहा महिन्यांनी १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची, पोहण्यास व शिकार करण्यास समर्थ अशी पिल्ले जन्मास येतात. एका वेळी बहुधा १४ पर्यंत पिल्ले होतात. कार्कॅरिनिडी कुळातील सर्वच जाती पिल्ले देतात. परंतु स्कोलिओडॉनची वार शार्कांमध्ये अत्यंत विकसित मानली जाते.

या ठिकाणी वर्गात हमखास एक प्रश्न निघतो. पिल्ले देते, तर मुशी सस्तन प्राणी आहे काय? नाही. सस्तन प्राणी पिल्लांस दूध पाजतात, त्यांच्या अंगावर थोडे तरी केस असतात व ते फुप्फुसांनी श्वास घेतात. मुशी दूध पाजत नाही, तिला केस नाहीत व ती कल्ल्यांनी श्वसन करते. ती मासाच होय. वार ही रचना सस्तन प्राण्यांत आणि शार्कांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. पक्ष्यास पंख आहेत आणि वटवाघुळासही आहेत. म्हणून वटवाघूळ पक्षी ठरत नाही. सारखी गरज निर्माण झाली असता भिन्न वंशांत सारखी साधने घडू शकतात, हा उत्क्रांतीतील एक मोठा सिद्धांत मुलांस या उदाहरणाने सहज पटतो.

या शोधाची हकीकतही बोधप्रद आहे. एका जातीच्या गुळगुळीत शार्कचे गर्भ नाळेने गर्भाशयाशी जोडलेले असतात, असे ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेविले होते. मासा आणि वार हा संयोग विचित्र वाटल्यामुळे नंतरच्या अनेक विद्वानांनी त्या नोंदीकडे दुर्लक्ष केले. शेवटी १८४२ मध्ये वर उल्लेखिलेल्या म्यूलर यांनी तो मासा मिळवून, उघडून पाहून ॲरिस्टॉटलचे निरीक्षण खरे असल्याचे सिद्ध केले. दोन हजारांहून अधिक वर्षे एक खरी गोष्ट पुस्तकात पडून राहिली, कारण फारच थोड्यांनी ती स्वतः पडताळून पाहिली. शिक्षकाने हे उदाहरण अवश्य ध्यानी ठेवावे. 'मासे अंडी घालतात' हे वाक्य चुकीचे नाही; ते बहुतेक माशांस लागू आहे. मात्र 'बहुतेक' हा शब्द गाळला की विज्ञानाच्या पाठाचे पाठांतर होते.

गोड्या पाण्यात जाणारे शार्क

समुद्रातील मासा नदीत जगू शकत नाही, असा दुसरा एक समज आहे. त्यासही या कुळात अपवाद आहे. शार्कच्या रक्तात युरिया हे द्रव्य मोठ्या प्रमाणात साठविलेले असते, त्यामुळे समुद्राचे खारे पाणी त्याच्या अंगातील पाणी शोषून घेऊ शकत नाही. असा मासा गोड्या पाण्यात आला तर उलट बाहेरचे पाणी त्याच्या शरीरात शिरू लागते. सुकलेले मनुके पाण्यात टाकले असता फुगतात, तसाच हा प्रकार. कार्कॅरिनस ल्युकस, म्हणजे ज्यास इंग्रजीत बुल शार्क म्हणतात, तो मासा गोड्या पाण्यात आल्यावर रक्तातील युरिया कमी करतो, पातळ मूत्र भरपूर प्रमाणात बाहेर टाकतो आणि अशा रीतीने तग धरतो. त्याची पिल्ले खाड्यांत व नदीमुखांत वाढतात, कारण तेथे मोठ्या शार्कांचे भय कमी असते.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा सरोवरात शार्क आढळत. ते सरोवरातच कोंडली गेलेली एक निराळी जात असावी, असे पूर्वी मानीत असत. १९६० नंतरच्या वर्षांत थॉर्सन या शास्त्रज्ञाने त्या माशांस खुणेचे बिल्ले लावले. सरोवरात बिल्ला लावलेले मासे समुद्राजवळ व समुद्राजवळ लावलेले मासे सरोवरात सापडले. ते सान हुआन नदीच्या वाटेने ये-जा करणारे बुल शार्कच होते, हे निश्चित झाले. एक साधा बिल्ला आणि बरीच वर्षे टिकलेला धीर यांनी जुने मत बदलले.

मग गोदावरीतून शार्क पैठणपर्यंत येईल काय, असे मुले विचारतील. त्यांस नकाशा दाखवावा. गोदावरी पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या मुखाकडे आंध्र प्रदेशात धवळेश्वरम येथे १८५२ मध्ये पहिला बंधारा पुरा झाला आणि पैठणपर्यंतच्या मार्गात आज इतरही धरणे व बंधारे आहेत. तेव्हा नाथसागरात पोहणाऱ्याने शार्कची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. तेथे धास्ती बाळगावयाची ती खोल पाण्याची व गाळाची. परंतु याच प्रश्नातून एक गंभीर गोष्टही निघते : नदीवर बांध पडला की वर-खाली प्रवास करणाऱ्या जलचरांची वाट बंद होते.

या कुळात ग्लायफिस गँजेटिकस नावाचा गंगा नदीचा शार्क आहे. तो जगातील अत्यंत दुर्मिळ माशांपैकी एक होय. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून त्याचा समावेश आहे. वर्षानुवर्षे त्याची खात्रीलायक नोंद नसताना फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून गोदीत उतरविलेल्या मासळीत २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी अभ्यासकांस आढळली. गंगेच्या नावाचा मासा अरबी समुद्राच्या काठी सापडला. गोदीवर रोज शेकडो टोपल्या मासळी उतरते. त्या गर्दीत थांबून, मोजून, टिपून ठेवणारे डोळे तेथे होते म्हणून ही नोंद झाली.

पाषाणातील इतिहास

शार्कच्या खवल्यांसारखे सूक्ष्म अवशेष सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. त्या काळी भूमीवर वृक्ष नव्हते व चतुष्पाद प्राणीही नव्हते. कूर्चेचा सांगाडा मृत्यूनंतर लवकर कुजतो, म्हणून संपूर्ण शरीराचे ठसे विरळा. पण दात टिकतात. इटलीत १६६६ मध्ये निकोलस स्टेनो यांनी एका मोठ्या शार्कच्या डोक्याचे विच्छेदन केले. लोक ज्यांस आकाशातून पडलेले किंवा सर्पांच्या जिभांचे दगड समजत, ते शार्कचेच दात आहेत, हे त्यांनी दुसऱ्या वर्षी लिहून प्रसिद्ध केले. डोंगरावरील खडकात समुद्रातील माशाचा दात आला कसा, या एका प्रश्नातून भूस्तरशास्त्राचा पाया घातला गेला.

हाडाऐवजी कूर्चा असणे हे मागासलेपणाचे लक्षण आहे, असे पूर्वी पाठ्यग्रंथांतून लिहिलेले असे. मंगोलियात सापडलेल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या एका चिलखती माशाच्या कवटीत हाड असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून शार्कांच्या पूर्वजांस हाड होते आणि ते नंतर लोप पावले असावे, या मतास बळकटी आली. म्हणजे कूर्चा ही अपुरी राहिलेली रचना नसून पुढे लाभलेला हलकेपणा असू शकतो. 'अमुक प्राणी खालचा, तमुक वरचा' अशी शिडी फळ्यावर काढताना शिक्षकांनी सावध असावे. उत्क्रांती शिडीसारखी चढत नाही, झाडासारखी फांद्या फोडीत जाते.

ज्या गणात मुशीचे कुळ मोडते तो कार्कॅरिनिफॉर्मीस गण सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात उदयास आला. त्या वेळी भूमीवर डायनोसॉर होते. पुढे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक महान उत्पात झाला. एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळली, आणि त्याच सुमारास दख्खनच्या भूमीस भेगा पडून लाव्हारसाचे थरावर थर पसरत होते. पाचोडच्या विहिरींत जो काळा पाषाण लागतो, वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली गेली आणि ज्याची झीज होऊन कापसाची काळी जमीन झाली, तोच हा थिजलेला लाव्हा. त्या उत्पातात डायनोसॉर नष्ट झाले. पक्षी तेवढे त्यांचे वंशज म्हणून उरले. समुद्रातही मोठी हानी झाली. परंतु शार्क टिकले. त्यांतील काही जुने मोठे वंश लोपल्यावर कार्कॅरिनिफॉर्मीस गणास जागा मोकळी झाली. आजच्या शार्कांपैकी निम्म्याहून अधिक जाती याच गणातील आहेत.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे इओसीन काळाच्या खडकांत कार्कॅरिनिडी कुळाचे दात स्पष्टपणे दिसू लागतात. मराठवाड्याच्या बेसाल्टात ते सापडावयाचे नाहीत, कारण तो अग्निजन्य खडक आहे. गुजरातेतील कच्छच्या थरांत व ओडिशातील बारीपदा येथील थरांत शार्कचे जीवाश्म दात सापडतात. कारण तेथे एके काळी समुद्र होता.

भय, हानी आणि तारतम्य

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरनजीक वैतरणेच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या एका तरुणावर शार्कने हल्ला केला आणि त्यास आपला पाय गमवावा लागला. तो मासा बुल शार्क असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्या कुटुंबाचे दुःख लहान नव्हे; आणि 'शार्क निरुपद्रवी आहेत' असे सरसकट सांगणे हेही असत्यच ठरेल. खाडीत उतरणाऱ्याने गढूळ पाणी, संधिप्रकाश व जाळ्यातील मासळीचा वास या गोष्टींविषयी सावध असावे, हेच योग्य.

तथापि शिक्षकाने तारतम्य शिकवावे. जगभरात शार्कच्या विनाकारण चाव्यांच्या नोंदी वर्षाकाठी सामान्यतः शंभराच्या आत असतात आणि त्यांतून होणारे मृत्यू बहुधा दहा-पंधराच्या आतच असतात. भारतात सर्पदंशाने वर्षास सरासरी सुमारे ५८,००० मृत्यू होतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. पाचोड परिसरातील मुलास शार्कचे भय चित्रपट देतो. सापापासून वाचण्यासाठी रात्री विजेरी घेऊन चालावे व दंश होताच मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठावा, हे मात्र त्यास शाळेनेच सांगावे लागते. भय कोणत्या गोष्टीचे व किती बाळगावे, हे शिकविणे हाही विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे.

याउलट मनुष्याकडून शार्कांची होणारी हानी फार मोठी आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार शार्क व त्यांचे भाऊबंद यांच्या एकतृतीयांशाहून अधिक जाती धोक्यात आहेत, आणि त्याचे प्रमुख कारण अतिरिक्त मासेमारी हे होय. ही हानी लवकर भरून का येत नाही, हे पाचोडच्या शेतकऱ्याच्या मुलास चटकन समजेल. ज्वारीचे पीक बुडाले तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येते. पण दुष्काळात मोसंबीची बाग वाळली तर नवी बाग फळास येण्यास चार-पाच वर्षे लागतात. रोहूची मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. तो ज्वारीचा प्रकार. बुल शार्क वयात येण्यास सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, गर्भ दहा-अकरा महिने वाढतो आणि एका वेळी पिल्ले १ ते १३ होतात; तो मोसंबीचा प्रकार. बागेची फळे खावीत, झाडे तोडू नयेत. लहान स्कोलिओडॉन एक-दोन वर्षांतच वयात येते, म्हणून आजवर तिने तग धरला. परंतु तिचीही नोंद आता 'संकटाच्या उंबरठ्यावर' अशा वर्गात झालेली आहे.

या दिशेने काही पावले पडली आहेत. केवळ परांसाठी शार्क पकडून उरलेले शरीर समुद्रात फेकून देण्याची क्रूर प्रथा रोखण्यासाठी भारत सरकारने २०१३ मध्ये पर शरीरास जोडलेले असतानाच मासा किनाऱ्यावर आणावा असा दंडक घातला आणि २०१५ मध्ये परांची निर्यात बंद केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत संपूर्ण कार्कॅरिनिडी कुळाचा व्यापार नियंत्रित सूचीत घालण्याचा निर्णय झाला. मात्र कायद्याचा भार एकट्या कोळ्याच्या माथी टाकून भागणार नाही. त्याचे पोट समुद्रावर आहे. जाळ्यात कोणता मासा येईल हे पुष्कळदा त्याच्या हाती नसते. लहान आसाची जाळी, खाड्यांत सोडले जाणारे सांडपाणी, तिवरांची तोड आणि बाजारात स्वस्त मागणारे गिऱ्हाईक हे सर्वच या हानीचे वाटेकरी आहेत.

वर्गासाठी काही कृती

या विषयासाठी प्रयोगशाळा असण्याची आवश्यकता नाही. पुढील कृती कोणत्याही एकशिक्षकी शाळेतही करता येतील.

(१) मैदानावर चुन्याने ४५ मीटर लांबीची रेषा आखावी. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षे. आरंभी 'शार्कसदृश खवले' अशी पाटी ठेवावी. रेषेच्या शेवटापासून मागे मोजून सुमारे ३७ मीटरवर चतुष्पाद, १७ मीटरवर मुशीचा गण, ६.६ मीटरवर दख्खनचा पाषाण आणि ५ मीटरवर मुशीचे कुळ अशा पाट्या ठेवाव्यात. मनुष्यजात सुमारे तीन लक्ष वर्षांची. तिची जागा शेवटच्या तीन सेंटिमीटरांत येते. शेतीची दहा हजार वर्षे म्हणजे अवघा एक मिलिमीटर. मुलांस ती रेषा चालत जाऊ द्यावी.

(२) कानाच्या पाळीवरचा भाग व कोपराचे हाड चाचपून कूर्चा आणि अस्थी यांतील भेद अनुभवावा.

(३) बाजारातून आणलेल्या ताज्या माशाचे कल्ल्याचे झाकण, खवले व पोटातील हवेची पिशवी पाहावी आणि मुशीशी तुलना करणारा तक्ता मुलांनी स्वतः तयार करावा.

(४) 'कोंबडीचे अंडे मोठे का व मुशीचे अंडे मोहरीहून लहान का?' हा प्रश्न फळ्यावर लिहून एक दिवस तसाच ठेवावा. उत्तर लगेच सांगू नये.

(५) आपापल्या गावातील ओढ्यात वा तळ्यात आढळणाऱ्या माशांची नावे मुलांनी वडीलधाऱ्यांस विचारून लिहावीत. पूर्वी मिळत असलेले व आता न दिसणारे मासे वेगळ्या रकान्यात नोंदवावेत. हा तक्ता तारखेसह शाळेत जपून ठेवावा.

शेवटच्या कृतीचे महत्त्व विशेष आहे. ससून गोदीतील त्या एका मादीची नोंद कोणी केली नसती, तर तो मासा या किनाऱ्यावर अद्याप आहे हे जगास कळले नसते. गोदावरीच्या खोऱ्यातील ओढ्यांत व डोहांत कोणते मासे होते आणि त्यांपैकी कोणते उरले, हे गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांस ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर ते ज्ञानही जाईल. प्राथमिक शाळेतील एक वही, एक फूटपट्टी आणि खरे तेच लिहिण्याची सवय एवढ्या साधनांनी ते वाचविता येईल. मुलाने समुद्र कधी पाहो वा न पाहो, पाहिलेले नीट पाहावे, मोजावे आणि त्यात 'बहुतेक' हा शब्द कोठे हवा ते ओळखावे, एवढे ज्या शाळेत साधेल तेथे विज्ञानाचा पाठ खऱ्या अर्थाने झाला असे म्हणता येईल.